मुसाचं मुंडकं आणि न काढायचा विषय

पेंढा भरलेलं एक अवाढव्य मुंडकं, एक हातोडा, एक खिळा आणि सारखा खणखणणारा फोन. ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश विनोदी मालिकेतल्या ‘द जर्मन्स’ या भागाचा पूर्वार्ध बराचसा एवढ्याच सामानावर चालतो. मूस म्हणजे थंड प्रदेशातलं, घोड्याएवढं थोराड हरीण. त्याचं मुंडकं हॉटेलच्या भिंतीवर टांगायचं आहे. मालक बेसिल फॉल्टी खिळ्यावर नेम धरून हातोडा उगारतो, तोच फोन वाजतो. बायको, सिबिल, दवाखान्यातून विचारत असते, मुंडकं टांगून झालं का? बेसिल संतापाने थरथरत तिला समजावतो, की ज्या कामाची आठवण करून द्यायला तू फोन केलास, तेच काम मी तुझा फोन घ्यायला अर्धवट टाकून आलोय. फोन खाली आपटला जातो. हातोडा पुन्हा उगारला जातो.

हा भाग पहिल्यांदा दिसला 24 ऑक्टोबर 1975 रोजी, बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर. तेव्हापासून तो पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांची एक मोठी जमात तयार झाली आहे. या जमातीबाहेरच्यांनाही त्यातला एक तुकडा ठाऊक असतो. डोक्याला बँडेज बांधलेला, ताडमाड उंच हॉटेलमालक जर्मन पाहुण्यांसमोर वरच्या ओठावर बोट धरून हिटलर होतो आणि ताठ पाय कमरेच्या वर उचलत, नाझी सैनिकांच्या संचलनाची नक्कल करत जेवणघरातून फिरतो. युद्धाचा विषय काढायचा नाही, ही त्याने स्वतःच सगळ्यांना दिलेली ताकीद इंग्रजी बोलण्यात म्हणीसारखी रुळली आहे.

गंमत अशी, की भाग बऱ्याच वर्षांनी पुन्हा लावला तर हे जर्मन येतच नाहीत. दहा मिनिटं जातात, पंधरा जातात, आणि आपण अजून मुंडकं, फोन, घंटा यांतच अडकलेले. जेमतेम अर्ध्या तासाच्या या भागाचा पहिला दोन-तृतीयांश हिस्सा जर्मनांवाचूनच पार पडतो. ज्या दृश्यामुळे भागाला नाव मिळालं, ते अगदी अखेरीस येतं आणि भर्रकन संपतं. आठवणीने मधलं सगळं गाळून शेवटचा फटाका तेवढा जपून ठेवलेला असतो. दुसऱ्यांदा बघताना कळतं, की वात फार लांब होती आणि खरी कारागिरी त्या वातीतच आहे.

ही कारागिरी दोघांची. जॉन क्लीझ तेव्हा ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूमुळे प्रसिद्ध होता. कॉनी बूथ त्याची तेव्हाची पत्नी. दोघांनी मिळून लिहिलं आणि दोघांनी कामंही केली. तो बेसिल, ती हॉटेलातली एकमेव शहाणी कर्मचारी पॉली. बेसिलमागचा मूळ माणूस मात्र खराखुरा होता. मे 1970 मध्ये पायथनची मंडळी चित्रीकरणासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की या गावी ‘ग्लेनईगल्स’ नावाच्या हॉटेलात उतरली. मालक डॉनल्ड सिंक्लेअर, नौदलातून निवृत्त झालेले. मूळचा अमेरिकन असलेला टेरी गिलियम काटा-सुरी अमेरिकन पद्धतीने धरतो म्हणून ते त्याच्यावर उखडले. एरिक आयडलची बॅग त्यांनी बाहेर भिंतीपाशी नेऊन ठेवली, कारण म्हणे तिच्यात बॉम्ब असण्याची शक्यता होती. बाकीच्यांनी शहाणपणाने मुक्काम हलवला. क्लीझ मागे राहिला, बूथलाही त्याने तिथेच बोलावून घेतलं. असला नमुना डोळ्यांसमोर असताना लेखकाने हॉटेल बदलायचं तरी कशाला!

पहिल्या भागाची संहिता बीबीसीत गेली, तेव्हा मे 1974 मध्ये तिथल्या एका संपादकाने लेखी अभिप्राय दिला: ठोकळेबाज पात्रं, घासून गुळगुळीत झालेले विनोद, आणि यातून निव्वळ फजितीच निपजेल. हे टिपण पुढे मालिकेइतकंच प्रसिद्ध झालं. मालिका सुरू झाल्यावर वृत्तपत्रांचं स्वागतही काही वाजतगाजत नव्हतं. तिने मूळ धरलं ते पुनःप्रक्षेपणांमुळे. घरोघरी व्हिडिओ नव्हते. आवडलेला भाग पुन्हा बघायचा तर बीबीसी तो परत कधी दाखवते याची वाट बघत बसायचं. म्हणजे ही मालिका जन्मली पहिल्या प्रक्षेपणात, पण वाढली दुसऱ्या-तिसऱ्या बघण्यात. 1975 मध्ये सहा आणि 1979 मध्ये सहा, असे एकूण बाराच भाग. रविवारी सकाळी बसलं तर दुपारच्या चहापर्यंत अख्खी मालिका संपते. तरीही 2000 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने या व्यवसायातल्या लोकांना विचारून शंभर सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली, तिच्यात पहिलं नाव याच मालिकेचं होतं.

बाराच का, याचं उत्तर लिहिण्याच्या पद्धतीत आहे. एका भागाला क्लीझ आणि बूथ सुमारे सहा आठवडे घेत. आधी नुसता घटनाक्रम रचायचा, कोण कोणत्या दारातून येतो आणि नेमका कुठल्या क्षणी यायला नको, हे पक्कं झाल्यावरच संवादांना हात घालायचा. फार्सचा हा जुना नियम. मराठी रंगभूमीला तो परका नाही. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ मुळात ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी फार्सवरूनच बेतलेली आहे. फार्समध्ये विनोद वाक्यात नसतो, वेळापत्रकात असतो. पात्र वेडं असून चालत नाही. त्या क्षणी त्याला जेवढं माहीत आहे तेवढ्यावरून त्याने अगदी तर्कशुद्ध वागावं लागतं, आणि प्रेक्षकाला त्याच्याहून थोडंसं जास्त माहीत असावं लागतं.

‘द जर्मन्स’मधली आगीची तालीम हा याचा वस्तुपाठ. सिबिलच्या पायाचं नख मांसात रुतलंय, त्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती दवाखान्यात. जाताना तिने नवऱ्याला दोन कामं सांगितली आहेत: मुंडकं टांगणं आणि फायर ड्रिल घेणं. ड्रिलसाठीची किल्ली काढायला बेसिल तिजोरी उघडतो आणि चोरांसाठी लावलेली घंटा वाजते. पाहुण्यांना वाटतं, हीच ती तालीम. ते शहाण्यासारखे खाली येऊन उभे राहतात. बेसिल वैतागतो. ही आगीची घंटा नाहीच, ही चोरांची. आगीचा सूर हिच्यापेक्षा किंचित वरचा असतो. तुम्ही सगळे चुकीच्या घंटेला बाहेर आलात. पाहुणे म्हणतात, मग आता आलोच आहोत तर घ्या उरकून. छे! नियमाप्रमाणे वेळ झालेली नाही. परत जा, घंटा होईल, मग या. इकडे हा वाद चाललेला, तिकडे स्वयंपाकघरात मॅन्युएल या स्पॅनिश वेटरच्या हातून खरीखुरी आग लागते. तो जीव तोडून ‘आग, आग’ ओरडत बाहेर येतो. बेसिल त्याला समजावतो, की बाबा रे, ही नुसती तालीम आहे, आणि पुन्हा आत ढकलतो.

पहिल्यांदा बघताना माणूस इथे हसून लोळतो आणि पुढचं निसटतं. दुसऱ्या खेपेला लक्षात येतं, की दृश्यात एकही वाक्य भरतीचं नाही. दोन घंटांच्या सुरांतल्या फरकाची चर्चा हा नुसता मूर्खपणा वाटतो खरा, पण तिच्यामुळेच पाहुण्यांच्या मनात घंटेबद्दल पुरता गोंधळ होतो. म्हणूनच खऱ्या आगीच्या वेळी बेसिलने कितीही आरडाओरडा केला तरी त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. मग किल्ली सापडत नाही, आग विझवायचं नळकांडं बेसिलच्याच तोंडावर फवारा सोडतं, आणि आंधळ्यासारखा चाचपडत असताना मॅन्युएलच्या हातातला तवा त्याच्या डोक्यावर बसतो. हा तवा महत्त्वाचा. डोक्याला मार बसल्याशिवाय पुढच्या दृश्यातला बेसिल शक्यच नाही. ताळ्यावर असलेला बेसिल उद्धट असतो, खुशमस्कऱ्या असतो, पण पाहुण्यांच्या टेबलापाशी तो हिटलर होणार नाही. लेखकांनी वीस मिनिटं खपून त्याच्या जिभेचा लगाम तेवढा काढून घेतला आहे.

या आगीचं एक मोल पडद्यामागे मोजावं लागलं. कपड्यांतून धूर येताना दिसावा म्हणून मॅन्युएलच्या जाकिटावर रसायन लावलं होतं. ते आत झिरपलं आणि अँड्र्यू सॅक्स या नटाची कातडी भाजली. बीबीसीने नंतर त्याला भरपाई दिली.

मुंडक्याचाही हिशेब असाच चोख आहे. ते काउंटरवर पडलेलं आहे, मागे दिसणार नाही असा वाकून मॅन्युएल साफसफाई करतोय आणि आपलं इंग्रजी कसं छान झालंय, पुस्तकातून कसं शिकलो, हे स्वतःशीच घोकतोय. तेवढ्यात मेजर गोवेन येतात. हॉटेलात कायम मुक्कामाला असलेले, वय झालेले, विसराळू गृहस्थ. त्यांना काउंटरवर एक हरीण दिसतं आणि ते इंग्रजी बोलतंय. मेजर दचकत नाहीत. खानदानी माणसाने करावं तसं ते त्याच्याशी सभ्यपणे बोलू लागतात. बॅलर्ड बर्कली या नटाने इथे चेहऱ्यावर जो आदबशीर संभ्रम ठेवलाय, तो दर वेळी नव्याने बघावासा वाटतो.

पण याच मेजरपाशी भारतीय प्रेक्षक पुन्हा बघताना अडखळतो.

भागाच्या सुरुवातीला मेजर बेसिलला एका बाईची गोष्ट सांगतात. ती आवडत असावी, कारण तिला ते ‘इंडिया बघायला’ घेऊन गेले होते. बेसिल चकित होतो, तेव्हा खुलासा होतो: इंडिया, म्हणजे ओव्हलवर, क्रिकेटची मॅच. सरेला शेवटी थोड्या धावा हव्या होत्या, सामना रंगला होता, आणि बाई कुठेतरी निघून गेली. मेजरना खुपतं ते वेगळंच. ती दिवसभर हिंदी खेळाडूंचा उल्लेख काळ्या लोकांसाठीच्या एका घाणेरड्या शब्दाने करत होती. मेजरांनी तिची चूक दुरुस्त केली: तो शब्द वेस्ट इंडियन लोकांसाठी, हिंदी लोकांसाठी वेगळा शब्द आहे. तो वेगळा शब्दही तितकाच घाणेरडा. शिव्यांच्या वर्गवारीत गल्लत झाली म्हणून हा माणूस व्यथित आहे.

लेखकांचा रोख कुणावर आहे, यात शंका नाही. साम्राज्य गेलं, तरी माणसांना खणांत बसवायची सवय न गेलेला एक म्हातारा इंग्रज इथे उघडा पडतो. तरीही टाळ्या-हशांच्या गजरात ते दोन शब्द ऐकताना स्टुडिओतले लोक नेमके कशाला हसतायत, हा प्रश्न मनात येतोच. मेजरना की शब्दांना? 1975 च्या प्रेक्षकांत दोन्ही प्रकारचे असणार.

मेजरची मॅच कल्पनेतली. पण ओव्हलवर सरेविरुद्ध हिंदी संघ, ही जोडी क्रिकेटच्या इतिहासात फार ठळक आहे. मे 1946 मध्ये याच मैदानावर याच सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी हे दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाचे फलंदाज एकत्र आले आणि त्यांनी शेवटच्या जोडीसाठी 249 धावा काढल्या. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. आणि मालिका पडद्यावर येण्याआधी चारच वर्षं, ऑगस्ट 1971 मध्ये, अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवरच इंग्लंडला हरवून त्यांच्या भूमीवरची आपली पहिली मालिका जिंकली होती. मेजर सकाळचं वर्तमानपत्र हातात घेऊन जगाकडे बघतात, त्या जगाचं हे वर्तमान होतं. त्यांच्या गोष्टीतली बाई आणि ते स्वतः नावं ठरवत बसले असताना मैदानावरचा निकाल केव्हाच बदललेला होता.

बेसिलही या बाबतीत फार वेगळा नाही. दवाखान्यात सिबिलच्या डॉक्टरांकडे वळतो तेव्हा समोर कृष्णवर्णीय माणूस बघून तो क्षणभर दचकून मागे सरतो. शब्द एकही नाही. ही भूमिका केली होती गांबियात जन्मलेल्या लुई माहोनी यांनी. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय नटांच्या हक्कांसाठी ते आयुष्यभर झगडले. पुन्हा बघताना लक्षात येतं, की संपूर्ण भागात शांत आवाजात, मुद्द्याचं बोलणारा पुरुष हा एवढा एकच आहे. शेवटी इंजेक्शन घेऊन बेसिलला पकडायला येतो तोही हाच.

आणि मग, एकदाचे, जर्मन.

ते चार सभ्य पर्यटक आहेत. चांगलं इंग्रजी बोलतात, जेवायला काय आहे विचारतात. दवाखान्यातून पळून आलेला, मेंदूला मार बसलेला बेसिल स्वतः ऑर्डर घ्यायला येतो. युद्धाबद्दल बोलायचं नाही असं मनाशी घोकत असल्यामुळे त्याला दुसरं काही सुचतच नाही. कोळंबीला गोबेल्स चिकटतो, हेरिंग माशाचा हेरमान गोअरिंग होतो आणि सॅलडच्या मागे कोल्डिट्स, म्हणजे युद्धकैद्यांचा तो कुप्रसिद्ध किल्ला. पाहुण्यांतली एक स्त्री रडू लागते. तिच्या सोबत्याने थांबायला सांगितल्यावर बेसिलचं म्हणणं असं, की सुरुवात तुम्हीच केली. आम्ही नाही केली, असं उत्तर येताच तो पोलंडवरच्या स्वारीचा दाखला देतो. मनोवैज्ञानिक याला काय म्हणतात ते म्हणोत. ‘माकडाचा विचार न करता औषध घ्या’ असं सांगणाऱ्या वैद्याची जुनी गोष्ट ज्यांनी ऐकलीय, त्यांना बेसिलची अडचण बरोबर कळेल.

या दृश्यात हास्यास्पद कोण, हे पहिल्या बघण्यात त्या लांबलचक पायांमुळे झाकलं जातं. जर्मन माणसं इथे एकदाही हास्यास्पद होत नाहीत. क्लीझ पुढे अनेकदा हेच सांगत राहिला, की थट्टा युद्ध संपून तीस वर्षं झाली तरी त्यातून बाहेर न पडलेल्या इंग्रजांची होती. त्याचा जन्म 1939 चा, वेस्टन-सुपर-मेअर या किनाऱ्यावरच्या गावातला. जर्मनांनी या गावावरही बॉम्ब टाकले होते. उद्ध्वस्त करण्याजोगं तिथे काहीच नव्हतं, त्यामुळे जर्मनांना विनोदबुद्धी आहे याचा हा पुरावाच, असं त्याने आपल्या आत्मकथनात म्हटलं आहे.

जेवणघरातल्या त्या गोंधळाला आणखी एक पदर आहे आणि तो पहिल्या बघण्यात दिसूच शकत नाही, कारण तो कथेच्या बाहेर आहे. मॅन्युएल, म्हणजे अँड्र्यू सॅक्स, जन्माने बर्लिनचा. वडील ज्यू. 1938 साली, तो आठ वर्षांचा असताना, कुटुंब नाझींपासून जीव वाचवून लंडनला आलं. भूमिका मिळाली तेव्हा त्याने क्लीझला विचारलंही होतं, वेटर स्पॅनिश कशाला, जर्मन केला तर? क्लीझने मानलं नाही. म्हणून झालं असं, की क्लीझ हिटलरची नक्कल करत पाय झाडत होता तेव्हा हिटलरमुळे देशोधडीला लागलेला खरा बर्लिनकर त्याच हॉटेलात बार्सिलोनाचा वेटर बनून वावरत होता. हे माहीत झाल्यावर मॅन्युएलला बसणारा प्रत्येक फटका जरा वेगळा दिसतो. सॅक्स 2016 साली गेला.

पुन्हा बघण्याला अलीकडे आणखी एक वळण मिळालं: काय बघायला मिळेल हेच बदलत गेलं. 2013 मध्ये बीबीसीने हा भाग पुन्हा दाखवला तेव्हा मेजरचे ते शब्द कापले होते. जून 2020 मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जगभर निदर्शनं चालू असताना, यूकेटीव्ही या ब्रिटिश कंपनीने आपल्या ऑनलाइन संग्रहातून अख्खा भागच काढून टाकला. क्लीझ भडकला. ज्याची टर उडवायची त्याच्या तोंडी मूर्ख बोलणं घालायचं, याचा अर्थ त्या मतांचा प्रचार करणं नव्हे, असा त्याचा मुद्दा. थोड्याच दिवसांत भाग परत आला, सुरुवातीला सूचना जोडून. त्याच महिन्याच्या अखेरीस लुई माहोनी यांचं निधन झालं.

मुद्दा क्लीझचा रास्त, पण त्याने पुढे काय केलं तेही नोंदण्यासारखं आहे. 2024 च्या मे महिन्यात लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’ नाटकरूपाने आलं. तीन भाग एकत्र गुंफून संहिता त्याने स्वतः बेतली. त्यात ‘द जर्मन्स’ होताच. हिटलरची नक्कल राहिली, मुंडकं राहिलं. मेजरची ओव्हलवरची गोष्ट मात्र त्याने स्वतःच्या हाताने वगळली.

मूळ भागाचा शेवट ज्यांना आठवत नाही त्यांनी तेवढ्यासाठी तरी तो पुन्हा लावावा. इंजेक्शन घेऊन आलेल्या डॉक्टरला चुकवत बेसिल पळतो, आणि इतका वेळ खपून टांगलेलं ते मुंडकं त्याच्या डोक्यावर कोसळतं. तो आडवा होतो, त्याच्याखाली मॅन्युएल. मुंडकं आता मॅन्युएलच्या डोक्यात बसलेलं आहे. मेजर येतात, बोलणारं हरीण पुन्हा भेटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नाही. बाजूला उभे असलेले जर्मन हा सगळा प्रकार थिजून बघत असतात. त्यांच्यातला एकजण मान हलवतो आणि विचारतो, की ही माणसं जिंकली तरी कशी?

सिबिल अजून दवाखान्यातच असते. नखाची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडलेली असते.